माझ्या पोटातली उलटी वायर

मित्रांनो, मी एक जुना स्पीकर आहे. दुकानातला नव्हे, घरी बनवलेला, प्लायवूडचा. आणि आधीच सांगतो, माझ्या पाठीमागे कुणी गुपचूप गेलेलं मला खपत नाही. का, ते ऐका.

१९९७ साली नाशिकच्या सिडकोत किशोरने मला आणि माझ्या जोडीदाराला बनवलं. मदतीला त्याचा मेहुणा मनोज, म्हणजे बायको प्रतिभाचा धाकटा भाऊ. त्याचं रेडिओ दुरुस्तीचं दुकान होतं. आमच्या प्रत्येकाच्या पोटात दोन स्पीकर, जाड आवाजाला मोठा आणि बारीक आवाजाला छोटा. कुणी काय वाजवायचं याची वाटणी करून देणारं सर्किट म्हणजे क्रॉसओव्हर. ते कसलं घ्यायचं यावरून दोघांची चांगलीच जुंपली.

"एक कपॅसिटर टाक आणि मोकळा हो," किशोर म्हणाला.

"त्यात छोट्यावर नको तेवढा भार येतो, दाजी. कॉइल आणि कपॅसिटर दोन्ही टाकू. फक्त छोट्याच्या वायरी उलट्या जोडायच्या."

"उलट्या? लालच्या जागी काळी? मला येडा समजतो का रे?"

मनोजने वाद घातला नाही. आधी वायरी सरळ जोडून कॅसेट लावली. गाणारीचा आवाज पोकळ, दूर कुठेतरी. मग उलट्या जोडल्या, आणि बाई जणू समोर येऊन बसली! काही सूर दोघांनाही मिळून वाजवावे लागतात. या सर्किटमुळे सरळ जोडणीत तिथे एक पुढे ढकलतो तेव्हा दुसरा मागे ओढतो, अडेल बैलजोडीसारखा. उलटी जोडली की दोघं बरोबर चालतात.

"मानलं बुवा तुला!" किशोर म्हणाला. प्रतिभा तेव्हा ओझरला ड्यूटीवर होती. विमानाच्या कारखान्यात ती वायरिंगचं काम करायची.

पुढची काही वर्षं आमचं भारी कौतुक झालं. मग एका नवरात्रात मनोज आम्हाला मित्राच्या साखरपुड्याला घेऊन गेला आणि अष्टमीला परत आणून ठेवलं. दसऱ्याला किशोरने कॅसेट लावली. आवाज पोकळ! त्याने मला फिरवून पाहिलं, तर पाठीच्या स्क्रूंवर ताजे ओरखडे.

"तुझ्या भावाने माल बदलला," तो प्रतिभाला म्हणाला. "चांगले स्पीकर काढून दुकानात लावले असतील."

"माझा भाऊ चोर? काहीतरीच काय बोलता!"

मला कुणीतरी उघडलं होतं, हे खरं; नेमकं कधी, ते सणाच्या गडबडीत लक्षात राहिलं नाही. पण माझं तोंड पुढे, पाठ भिंतीकडे. हात कुणाचे होते, मला कसं दिसणार? मलाही मनोजचाच संशय आला. परत आणताना तो एवढा घाईत का होता? चहाही न घेता का गेला? हाच पोकळ आवाज किशोरने पूर्वी ऐकला होता, पण डोक्यात संशय शिरला की आठवण कुठली राहते!

"भाऊबीजेला तो या घरात दिसता कामा नये," किशोरने बजावलं. प्रतिभाचे आईवडील वारलेले. तिचं माहेर म्हणजे तो एकटा भाऊ. तिने डोळ्याला पदर लावला.

मनोजला यातलं काहीच ठाऊक नव्हतं; सांगायचा प्रतिभाला धीर झाला नव्हता. भाऊबीजेला तो नेहमीसारखा हसत आला. किशोरने मला उचलून त्याच्यासमोर आपटलं. "बघू तरी काय काय काढलंस!" म्हणत त्याने माझी पाठ उघडली.

आत सगळं जागच्या जागी. मनोजने वाकून पाहिलं. "वायरी कुणी सरळ केल्या?"

ओवाळणीचं ताट घेतलेली प्रतिभा दारातच थबकली. "मी केल्या रे. खंडेनवमीला पूजेआधी सगळी यंत्रं पुसायला घेतली, तर लाल वायर काळीच्या जागी दिसली. दोन्ही खोक्यांत तसंच. कारखान्यात असं दिसलं की हात आपोआप जातो. मला वाटलं, चुकलंय. त्याने आवाज बिघडेल असं मनातही आलं नाही, आणि उघडल्याच्या खुणांचं हे मला बोललेच नाहीत."

किशोरची मान खाली गेली. "मनोज, चुकलं रे माझं."

"चार स्क्रू काढायचे होते, दाजी. त्याआधी मला चोर करून मोकळे झालात?"

त्याने वायरी पुन्हा उलट्या जोडल्या. बहिणीकडून ओवाळून घेतलं. जेवायला मात्र थांबला नाही.

मित्रांनो, मला पुसा, जपा. आवाज बिघडला तर आधी माझी पाठ उघडून बघा, माणसावर बोट मग दाखवा. माझी वायर तेव्हाच जागेवर आली. प्रतिभा मात्र अजून दर भाऊबीजेला भावाचं ताट वाढते, आणि तो न जेवता गेल्यावर तसंच झाकून ठेवते.