करवलीची अर्धशिशी

घरातल्या पुरुषाचं डोकं दुखलं की सगळं घर चवड्यांवर चालतं. सुनेचं दुखलं की मात्र पहिला प्रश्न येतो, "आज कुठलं काम टाळायचंय?" हे मी कुणा एकाच्या घराचं उणं काढायला सांगत नाही. पिंपळे गुरवच्या छबूबाईंच्या घरात हेच चालायचं, आणि छबूबाई काही वाईट बाई नव्हत्या. तोंडाने फटकळ, पण हाताने सढळ. सून शालन हिच्यावर त्यांनी कधी हात उगारला नाही. तिचं दुखणं त्यांना कळत नव्हतं, एवढंच. आणि कळत नाही हे कबूल करतील तर त्या सासूबाई कसल्या!

शालनला अर्धशिशी होती. आधी डाव्या डोळ्यापुढे काहीतरी लकाकायचं, जांभयांवर जांभया यायच्या, आणि मग अर्धं डोकं असं ठणकायला लागायचं की उजेड नको, आवाज नको, फोडणीचा वास नको. लकाकी दिसली की आता येणार, हे तिला पक्कं ठाऊक असायचं. पण ती बोलायची नाही. दुखायच्या आधीच "मला दुखणार आहे" असं सांगणारी सून कुणी ऐकली आहे का? कामचुकार म्हणतील या भीतीने ती भाकऱ्या थापत राहायची आणि शेवटी चुलीपुढेच कोसळायची. मग दोन दिवस तिला उठवत नसे.

ती कोसळली की घर धावायचं. छबूबाईंच्या मते ही दृष्ट होती. त्या दारं लावून घ्यायच्या, सुनेच्या तोंडापाशी निखाऱ्यांचं घमेलं आणायच्या आणि त्यात मिरच्या-मोहऱ्या टाकायच्या. दृष्ट लागली असेल तर मिरचीचा ठसका येत नाही, असा समज. इकडे सगळं घर खोकून बेजार, स्वतः छबूबाईंच्या डोळ्यांतून पाणी वाहतंय, आणि त्या छातीवर हात ठेवून सांगतायत, "बघा, जरासुदीक ठसका न्हाई! दृष्टच हाय!" बिचारी शालन आगीतून फुफाट्यात!

साल असेल पंचावन्न-छप्पन्न. पिंपरीला औषधांचा कारखाना नुकता सुरू झाला होता आणि शालनचा नवरा मारुतराव तिथे कामाला लागला होता. त्या वैशाखात शालनच्या धाकट्या भावाचं, गेनूचं लग्न ठरलं. माहेर चाकणजवळच्या एका वाडीत. आई लहानपणीच गेलेली, म्हणून गेनूला शालननेच कडेवर वाढवलेलं. आणि करवली तीच, कारण दुसरी बहीणच नव्हती. हातात करा आणि दिवा घेऊन भावाच्या पाठीशी उभं राहायचं, या एका गोष्टीची ती कैक वर्षं वाट पाहत होती.

पण आदल्या साली याच वाडीत एक प्रकार घडला होता. चुलती गवराबाईंच्या मुलाचं लग्न होतं. गॅसबत्त्यांचा झगझगाट, कानाशी ताशा, पोटात अन्नाचा कण नाही. शालन भर मांडवात ओकली आणि कोसळली. गवराबाई सगळ्यांदेखत म्हणाल्या, "पोरीच्या अंगात बाहेरचं हाय. माझ्या लेकाच्या लग्नात अपशकुन केला!" छबूबाई खाली मान घालून घरी आल्या. म्हणून गेनूच्या लग्नाचं आवतण घेऊन शालनचे वडील आबाजी आले, तेव्हा छबूबाईंनी सरळ सांगून टाकलं.

"लग्नाला आमी येऊ. सुनंला आणणार न्हाई. एकदा नाक कापून घेतलं तेवढं बास!"

आबाजींनी टोपी उचलली. लेकीच्या सासूपुढे बाप काय बोलणार? मारुतरावही पायाच्या अंगठ्याने जमीन उकरत बसला. शालन आत चुलीपाशी सगळं ऐकत होती. त्या दिवशी तिला घास गेला नाही, दुसऱ्या दिवशीही नाही. आणि तिसऱ्या दिवशी सकाळीच डोळ्यापुढे लकाकी आली.

नेमकी त्याच वेळी आकुर्डीहून मारुतरावची आत्या गोजाबाई आली. छबूबाईंची ही थोरली नणंद. म्हातारी दारात पाऊल ठेवते तो घरभर मिरच्यांचा धूर, आणि कोपऱ्यात सून पोटाशी पाय घेऊन विव्हळतेय.

"छबू!" म्हातारी खोकत ओरडली. "सुनंची दृष्ट काढतीस का सुनंलाच धुरी देतीस?"

तिने पदराने धरून घमेलं उचललं आणि अंगणात उपडं केलं. शालनला आतल्या अंधाऱ्या खोलीत नेऊन निजवलं, खिडकीला घोंगडी लावली, गार पाण्याची घडी कपाळावर ठेवली आणि सगळ्यांना बाहेर हाकललं. "आता हिच्यापाशी कुणी यायचं न्हाई, बोलायचं न्हाई. भांडंसुदीक वाजवायचं न्हाई!"

दुपार कलली तेव्हा शालनचा डोळा लागला होता. ओट्यावर गोजाबाई, छबूबाई आणि कारखान्यातली पाळी संपवून आलेला मारुतराव बसले होते.

"वन्सं, तुमाला ह्यातलं कसं ठावं?" छबूबाईंनी विचारलं.

"मला न्हाई तर कुनाला? न्हातीधुती झाले तवापासनं मला अर्धशिशी हाय."

"अगं बया! मंग कधी बोलला न्हाईत त्ये?"

"बोलले असते तर तूच म्हनाली असतीस, नणंद कामचुकार हाय!"

छबूबाईंनी तोंडाला पदर लावला. म्हातारी हसली, पण लगेच गंभीर झाली. "छबू, एक सांग. गोवऱ्यांचा हुडवा कवा लिपतीस?"

"कवा म्हंजी? पावसाच्या आधी."

"पाऊस आल्यावर लिपलं तर न्हाई चालायचं?"

"गोवऱ्या भिजल्यावर लिपून काय उपेग, वन्सं?"

"मंग सुनंचं डोस्कं काय गोवरीपरीस हलकं हाय व्हय?" गोजाबाईचा आवाज चढला. "गोवरीची काळजी आधी आन् मानसाची मागनं? अर्धशिशी काय चोरपावलानं येत न्हाई. आधी खूण दावती. पर ती खूण सांगायची सोय तुझ्या घरात हाय का? ही जेवती कवा?"

"समदे जेवल्यावर. आमीबी तसंच केलं."

"व्हय, केलं! आन् डोस्की धरून बसलो! उपाशीपोटी हे दुखनं हटकून उठतं. तहान लागल्यावर हीर खांदायची, ही आपली रीत!"

मारुतराव एकदम म्हणाला, "आत्या, आमच्या कारखान्यात भिंतीला वाळूच्या बादल्या टांगल्यात. आगीसाठी."

"मंग? रोज आग लागती व्हय तितं?"

"एकदाबी न्हाई लागली."

"आन् तरी बादल्या भरलेल्या हायत?"

कारखान्यातल्या यंत्रांसाठी भरलेल्या बादल्या आणि आपल्या बायकोसाठी घरात काहीच नाही! मारुतरावला स्वतःचीच लाज वाटली. दुसऱ्या दिवशी तो शालनला घेऊन पिंपरीच्या डॉक्टरांकडे गेला. डॉक्टरांनी नीट तपासलं आणि म्हणाले, "हे ढोंगही नाही आणि भूतही नाही. हा आजार आहे. पुरता जाईल असं मी सांगत नाही, पण आवरता येतो. वेळेवर जेवण, पुरेशी झोप, पाणी. आणि गोळी घ्यायची ती पहिली खूण दिसली की लगेच. दुखणं डोक्यावर चढून बसल्यावर नाही."

घरात बदल झाले, पण छबूबाईंच्या कपाळावर आठ्या घालूनच झाले. सकाळची पहिली भाकरी शालनने खायची, हे त्यांना पचायला जड गेलं. "सून आधी, सासू मागनं! कलियुग हो!" असं म्हणत का होईना, भाकरी त्या स्वतःच तिच्यापुढे सरकवायच्या. पुढच्या खेपेला लकाकी दिसताच शालनने धीर करून सांगितलं, "सासूबाई, यायला लागलंय." गोळी घेऊन ती अंधारात पडली आणि दिवेलागणीला उठून कामाला लागली. छबूबाई चकित झाल्या. दोन दिवसांचं दुखणं अर्ध्या दिवसावर आलं होतं! सून लवकर उठते हा हिशेब तर कुठल्याही सासूला पटतोच. त्यांनी आपण होऊन सांगितलं, "लग्नाला चल. पर मी तुझ्या संगटच ऱ्हाणार."

प्रवासाची तयारीही गोजाबाईनेच शिकवली. लग्नाच्या दिवशी उन्हातान्हात धावायचं नाही, आदल्या दिवशी सकाळच्या गाडीनेच निघायचं. गोळ्या, आल्याचा तुकडा, लिंबू, भाकरी आणि गूळ, पाण्याचा फिरकीचा तांब्या आणि डोळ्यांवर बांधायला काळं जाड फडकं, हे सगळं एका पिशवीत. पिशवी सामानात नाही, मांडीवर. मारुतरावने भोसरीच्या थांब्यावर शालनला सावलीच्या बाजूची, पुढची खिडकी धरून दिली. कंडक्टर पिशवीकडे बघून म्हणाला, "काय राव, चाकणपतुर जायाला एवढी शिदोरी?"

"शिदोरी न्हाई, भाऊ," मारुतराव म्हणाला, "वाळूची बादली हाय." कंडक्टरला काही कळलं नाही, पण शालन कितीतरी दिवसांनी खुदकन हसली.

वाडीवर पोचल्यावर छबूबाईंनी पहिलं काम केलं ते धान्याच्या कोठीची खोली बघण्याचं. खिडकी नाही, मांडवापासून लांब. त्यांनी तिथे चटई टाकून घेतली आणि पाण्याचा माठ ठेवला. गवराबाई बघत होत्या. "विहीणबाई, हितं कोन निजनार?" "बघू की," छबूबाई म्हणाल्या. अजून खरं सांगायचं धाडस त्यांना होत नव्हतं.

लग्न गोरज मुहूर्तावर होतं. त्या घराण्याची रीत अशी की अक्षता पडेपर्यंत करवलीने काही खायचं नाही. सकाळपासून शालन उपाशीपोटी नाचत होती. माहेर झालं तरी चार बायकांत "मला खायला द्या" कसं म्हणायचं? सूर्य डोक्यावर आला, दारात ताशा कडाडला, आणि हळदीचं ताट धरलेल्या शालनच्या डाव्या डोळ्यापुढे लकाकी उठली.

ती जागच्या जागी थिजली. समोर गवराबाई, भोवती सगळी भावकी. आता सांगितलं तर पुन्हा तेच, अपशकुन! न सांगितलं तर गेनूच्या पाठीशी उभं कोण राहणार? जुनी सवय म्हणाली, गप्प राहा. पण तिने ताट खाली ठेवलं आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाली, "सासूबाई, माझी अर्धशिशी यायला लागलीय!"

छबूबाईंचा चेहरा उतरला. क्षणभर त्यांना गेल्या सालची ती खाली घातलेली मान आठवली. मग त्या उठल्या, पिशवीतून भाकरी-गूळ काढला आणि शालनपुढे धरला.

"विहीणबाई!" गवराबाई किंचाळल्या. "करवलीचा उपास मोडतायसा? आमच्या घराची रीत हाय!"

"असंल!" छबूबाई कडाडल्या. "पर करवली खाली पडली तर रीत काय करा धरून उभी ऱ्हानार हाय? आजारी मानसाला देवबी उपास सांगत न्हाई! दुखनं हाय ते, पाप न्हाई! खा गं पोरी. गोळी घे. आन् मारुती, त्या ताशेवाल्यांना सांग, ऊन उतरंपतुर येशीवर जाऊन वाजवा!"

अहो, हीच ती मिरच्यांचं घमेलं घेऊन धावणारी बाई! शालन कोठीच्या अंधारात डोळ्यांवर फडकं बांधून पडली. दाराबाहेर छबूबाई स्वतः पाट टाकून बसल्या आणि डोकावायला येणाऱ्या प्रत्येक बाईला बोटाच्या खुणेनेच परत पाठवू लागल्या. गेनू मुंडावळ्या बांधायच्या आधी येऊन दाराशी उभा राहिला. "आक्का उठंल का हो?" त्याने हळूच विचारलं. "उठंल," छबूबाई म्हणाल्या. पण आतून त्यांचाही जीव खालीवर होत होता.

ऊन उतरलं. गुरांच्या घंटा वाजू लागल्या, भटजींनी अंतरपाट बाहेर काढला, आणि कोठीचं दार उघडलं. शालन बाहेर आली. चेहरा ओढलेला होता. ठणका पुरता गेला नव्हता, पण डोळे उघडता येत होते, पाय स्थिर होते. तिने करा उचलला आणि भावाच्या पाठीशी जाऊन उभी राहिली. गेनूने मागे वळून तिच्याकडे पाहिलं आणि मांडवातला तो दांडगा नवरदेव लहान मुलासारखा रडला. अक्षता पडल्या. आबाजींनी छबूबाईंपुढे हात जोडले. छबूबाईंनी एवढा मोठा नि:श्वास सोडला की शेजारच्या बायका हसल्या.

पंगती उठल्यावर गवराबाई छबूबाईंना ओढत आडोशाला घेऊन गेल्या. इकडेतिकडे बघून त्यांच्या कानाशी लागल्या.

"विहीणबाई, कुनाला सांगू नका. आमच्या ठकूलाबी हेच हाय हो. सासरी तिला ढोंगी म्हनत्यात. मी आई असून तिला म्हनले, सोस, बोलू नगंस. ती पिशवीतली गोळी..." डोळे पुसायला पदर अपुरा पडला.

छबूबाईंनी त्यांचा हात धरला. "गवराबाई, हे कानात सांगायचं न्हाई. कानात सांगत आलो म्हनून तर आपल्या समद्या पोरी चुलीपुढं पडत आल्या! कुटं हाय ठकूची सासू? मांडवात हाय ना?"

"हाय, पर ती लई कडक..."

"असू द्या. मी काय कमी कडक हुते?" आणि छबूबाई पदर खोचून, भर मांडवात, ठकूच्या सासूच्या शेजारी जाऊन बसल्या.

वाचकहो, अर्धशिशी असलेली एखादी शालन, एखादी ठकू तुमच्याही घरात असेल. ती सांगत नसेल, कारण सांगून उपयोग होत नाही हे तिला आपणच शिकवलं आहे. तिला वेळेवर घास द्या, डॉक्टरांना दाखवा, एक अंधारी शांत जागा आणि प्रवासाची पिशवी आधीच तयार ठेवा. पण या सगळ्याच्या आधी, "यायला लागलंय" एवढं तिला न भिता म्हणता येईल असं घर तयार ठेवा. बाकीची सगळी तयारी त्यानंतरची आहे!