ती जागा नव्हे, डार्सी हेफर्नन

गेली एकेचाळीस वर्षं तुम्ही माझ्यासमोर उभे राहून बोलताय. आज जरा गप्प बसा. आज मी बोलणार आहे, आणि रागाने बोलणार आहे.

मी यारामुंग गावच्या फूटी क्लबचा फळा. फूटी म्हणजे आमचा ऑस्ट्रेलियन फुटबॉल, ज्यात चेंडू हवेत झेलायचाही असतो. संघनिवडीचा. चहाच्या खिडकीशेजारी लटकतो तो. दर गुरुवारी संध्याकाळी सराव आटोपला की माझ्यावर शनिवारच्या सामन्याची अठरा नावं टांगली जातात, खाली बदली चार. मग ताटात मटणाचे चॉप आणि बटाटे घेऊन सगळं गाव माझ्यापुढे गोळा होतं आणि निवडसमितीच्या नावाने बोटं मोडतं. कोण मैदानात झोपा काढतो, कोण कोणाचा जावई म्हणून संघात आहे, सगळं मला ऐकावं लागतं. मला कान नाहीत असं तुम्हाला वाटतं.

जन्माने मी फळा नव्हे. मी लोकर कातरायच्या शेडची लाकडी जमीन होतो. वीस वर्षं माझ्यावरून मेंढ्या फरफटत नेल्या. त्यांच्या लोकरीचं तेल माझ्यात असं मुरलंय की कडक उन्हाळ्यात अजून मला मेंढीचा वास येतो. शेड पाडली तेव्हा क्लेम टूहिलच्या बापाने चार फळ्या उचलून आणल्या, जोडल्या आणि सहा ओळींत खिळे ठोकले, ओळीत तीन. सगळ्यांत वर आपल्या गोलाजवळचे बचावाचे गडी. वरून दुसऱ्या ओळीतला मधला खिळा म्हणजे बचावाचा कणा. त्या खिळ्याबद्दलच मला बोलायचंय.

पण आधी पट्ट्यांचं सांगतो. त्या म्हाताऱ्याने मेंढ्यांच्या औषधाच्या पिंपाचा पत्रा कापून नावाच्या चाळीस पट्ट्या केल्या. चाळीसच. तेवढ्यातच भागवायचं, हा इथला रिवाज. कोणाचा गुडघा गेला, कोणी लग्न करून बायकोच्या गावच्या संघात गेला, की त्याची पट्टी घासायची आणि नव्या गड्याचं नाव रंगवायचं. एकेका पट्टीत सहा-सहा नावं एकाखाली एक निजलेली आहेत. याचं मला कधी वाईट वाटलं नाही. ती माणसं जिवंत होती. पुढच्या वर्षी विरुद्ध संघातून इथे यायची, आपल्या जुन्या पट्टीवरचं नवं नाव वाचायची आणि मनसोक्त शिव्या द्यायची.

उन्हाळ्यात क्रिकेटवाले माझं तोंड भिंतीकडे करतात आणि पाठीवर मटणाचं बक्षीस असलेल्या सोडतीचे कागद डकवतात. तेही मी सोसलं. पण या वर्षी जे केलंत, ते नाही सोसलं.

नऊ हंगाम त्या मधल्या खिळ्यावर एकच नाव होतं. डार्सी हेफर्नन. त्याच्या पट्टीमागचं माझं लाकूड अजून काळसर आहे, कारण तिथे ऊन पोचलंच नाही. डार्सी सरावाहून चिखलाने माखलेला यायचा आणि स्वतःचं नाव कधी बघायचा नाही. आधी बघायचा खालचा कोपरा, पुढच्या फळीतला. तिथे त्याच्या धाकट्या भावाचं नाव असायचं, लॅकीचं. लॅकी एकोणीस वर्षांचा, ठेंगणा, उंदरासारखा चपळ. त्याच्या पट्टीचं भोक मधोमध पडलेलं नाही, म्हणून ती कायम तिरकी लटकते. डार्सी अंगठ्याने ती सरळ करायचा. सरळ राहायची नाही. तरी दर गुरुवारी करायचा.

पाच आठवड्यांपूर्वी मंगळवारी सकाळी, दाट धुक्यात, गव्हाच्या कोठारांपलीकडे, जिथे रस्ता रूळ ओलांडतो आणि फाटक नाही, तिथे मालगाडीने डार्सीची गाडी उडवली. आता फाटक बसवणार आहेत म्हणे. आता.

त्या शनिवारी सामना झाला नाही. पुढच्या गुरुवारी सगळे आले, ताटं घेतली, माझ्यापुढे उभे राहिले. मला वाटलं, आता कोणीतरी त्याचं नाव घेईल. घेतलं नाही. "त्या जागेचं काय?" म्हणाले. पाच आठवडे तेच. ती जागा. ती जागा कोण घेणार. त्या जागेला उंच गडी पाहिजे. सत्तावीस वर्षांचा माणूस, ज्याने याच खोलीत बिअरचा पहिला घोट घेतला आणि ओकला, त्याची तुम्ही एका गुरुवारात जागा करून टाकलीत!

त्याची पट्टी बिस्किटांच्या डब्यात इतर पट्ट्यांबरोबर पडून राहिली. घासायचा धीर कोणाला झाला नाही. शाळेत नवीन आलेले पिकरिंग मास्तर त्या खिळ्यावर आले, तर त्यांचं नाव पांढऱ्या चिकटपट्टीवर लिहून डकवलं. किटलीची वाफ लागली की ती सुटून खाली पडायची.

परवाच्या गुरुवारी तर कहर झाला. आज शनिवारी वेलाराशी सामना, आणि वेलाराचा पुढचा गडी म्हणजे कोठाराच्या दाराएवढा दांडगा. क्लेम टूहिल, निवडसमितीचा प्रमुख, वय एकाहत्तर, हातात कागद घेऊन माझ्यासमोर आला. मागे गर्दी.

"मास्तर नको त्या जागी," गहू वाहणारा ट्रकवाला गॅफनी ओरडला. "गेल्या शनिवारी याच्या डोक्यावरून पाच झेल घेतले त्यांनी. हा काय मैदानात हजेरी घेत होता?"

"मग कोण जाणार? तू?" स्वयंपाक सांभाळणारी नोएलीन खिडकीतून म्हणाली. "तुला ट्रकमधून उतरायला शिडी लागते."

"लॅकीला टाका," गॅफनी म्हणाला. "भावाची जागा. पेटून खेळेल पोरगा."

"अरे, तो दांडगा त्याला पावावर लोणी फासतात तसा फासेल."

"फासू दे! लोकांच्या डोळ्यांत पाणी येईल. आणि क्लेम, ती पट्टी घासून टाक एकदाची. पाच आठवडे चिकटपट्टी. बरं दिसत नाही."

बरं दिसत नाही! लॅकी तुमच्यापासून चार हातांवर बाकावर बसला होता. एक बूट पायात, एक हातात. बुटाच्या खिळ्यांतला चिखल काढीत होता आणि प्रत्येक शब्द ऐकत होता. त्याला काय वाटतं, हे विचारायची एकालाही गरज वाटली नाही. त्याला कुठे उभं करायचं, कोणाकडून चिरडून घ्यायचं, कोणाच्या डोळ्यांत पाणी आणायचं, सगळं तुम्हीच ठरवलंत.

क्लेमला गॅफनीशी भांडायला फार आवडतं. मान मागे वळवून तो भांडत होता आणि हात डब्यात चालला होता. निवड तो नेहमी मधल्या खिळ्यापासून टांगतो. बघत नाही, पट्ट्या त्याला बोटांनी ओळखता येतात. डार्सीच्या पट्टीला कोपऱ्यात पोचा आहे. नऊ वर्षांच्या सवयीने बोटांना तो पोचा सापडला, आणि पट्टी माझ्यावर आली. मग बाकीच्या सतरा. मग बदली चार.

"घ्या," क्लेम बाजूला होत म्हणाला. "आता बोंबला."

गॅफनीला नावं मोठ्याने वाचायची खोड आहे. पहिली ओळ वाचली. दुसरीवर आला.

"आणि मध्ये... डार्सी हेफर्नन."

पाच आठवड्यांत ते नाव पहिल्यांदा माझ्यापुढे उच्चारलं गेलं होतं.

"क्लेम," कोणीतरी हळू म्हणालं, "अरे, काय केलंस हे?"

क्लेमने वळून बघितलं. "सवयीने हात गेला रे," तो म्हणाला. "आपोआप गेला. थांबा, काढतो."

"हात लावू नका!"

लॅकीच्या हातातला बूट सुटला आणि खिळ्यांसकट येऊन माझ्या खालच्या फळीवर बसला. खूण अजून आहे. लागलं मला. लागू दे. त्याच्या जागी मी असतो तर दुसराही मारला असता.

"पाच आठवडे!" लॅकी म्हणाला. "पाच आठवडे तुम्ही माझ्याशी पावसापाण्याच्या गप्पा मारताय. घरी आई त्याचं नाव घेत नाही. बाबांनी त्याची खुर्ची उचलून ट्रॅक्टरच्या शेडमध्ये ठेवली. इथे आलो तर ती जागा, ती जागा! जागा नाहीये तो! माझा भाऊ आहे. या एका म्हाताऱ्याने त्याचं नाव लावलं, तेही चुकून, आणि तेसुद्धा तुम्हाला काढायचंय?"

"लॅकी, राजा," गॅफनी चाचरत म्हणाला, "तुला त्रास होईल म्हणून आम्ही..."

"होतोच आहे ना त्रास, गॅफ! तुम्ही गप्प बसलात म्हणून कमी झाला?"

गॅफनीने ताटाकडे बघितलं. मागून मास्तर पुढे आले. बिचारे सगळ्यांत अवघडलेले. "पट्टी राहू दे तिथेच," ते म्हणाले. "मी राखीव संघात खेळतो. मला चालेल."

"तुम्ही इथेच खेळायचं," लॅकी म्हणाला. "तुम्ही सव्वासहा फूट आहात. मला त्या दांडग्यापुढे उभं केलेलं बघून डार्सी हसून मेला..."

तो थांबला. शब्द तोंडातून निघून गेला होता. मग तो हसायला लागला, आणि हसता हसता असा रडला की नोएलीन खिडकीतून नाही, दार उघडून, धावत बाहेर आली. तिने त्याला धरून ठेवलं. कोणी तोंड फिरवलं नाही. एवढं तरी केलंत.

डोळे पुसून लॅकीने काय केलं, तर खालच्या कोपऱ्यातली स्वतःची पट्टी काढली. नोएलीनकडून भांड्यांची तारेची घासणी घेतली आणि पायरीवर बसून स्वतःचं नाव खरवडून टाकलं. क्लेमने रंगाचा डबा आणला. लॅकीचं आणि शाळेचं कधी जमलं नाही, पण त्या पट्टीवर त्याने वेड्यावाकड्या अक्षरांत मास्तरांचं नाव स्वतः लिहिलं. मधल्या खिळ्यावरून डार्सीची पट्टी उतरवली, मास्तरांची टांगली. आणि डार्सीची नेऊन खालच्या कोपऱ्यात लावली, जिथे तो स्वतः खेळतो तिथे.

"पंचांना द्यायच्या कागदावर काय लिहू?" क्लेमने विचारलं.

"कागदावर माझं लिहा. इथे हे राहील. मी खेळतोय तोवर."

मग गॅफनीच म्हणाला, "म्हणजे डार्सी आता पुढच्या फळीत? त्याला जन्मात गोल मारता आला नाही."

"दोन मारले," नोएलीन म्हणाली. "नऊ वर्षांत दोन."

"त्यातला एक वाऱ्याने मारला," लॅकी म्हणाला.

आणि मग तुम्ही बोलायला लागलात. डार्सीने क्लेमच्या गाडीत मेंढा कोंडला ते, डार्सी गाताना कुत्री पळायची ते. चॉप गार झाले. पाच आठवडे अडवून धरलं होतंत, ते सगळं बाहेर आलं. इतकं सोपं होतं. याचाच तर मला संताप येतो.

आज शनिवार. खोली रिकामी आहे. आत्ताच भोंगा वाजला, सामना सुरू झाला. निकाल मला संध्याकाळी तुमच्या चेहऱ्यांवरून कळेल. हरलात तर पुढच्या गुरुवारी मास्तरांच्या नावाने खडे फोडाल, क्लेमला आंधळा म्हणाल. म्हणा. त्यासाठीच मी इथे टांगलेला आहे. पण माझ्यापुढे उभे राहाल तेव्हा नावं घेऊन भांडा. माझ्यावर जागा नसतात, माणसं असतात.

परवा सगळ्यांत शेवटी लॅकी निघाला. दारातून परत आला. मास्तरांची नवी पट्टी मधल्या खिळ्यावर तिरकी लटकत होती, तिचं भोकच तसलं. त्याने अंगठ्याने ती सरळ केली. रंग ओला होता. अंगठा उमटलाय.

पट्टी लगेच पुन्हा तिरकी झाली. ठसा मात्र आहे.