दुधाच्या सायकलचा स्टँड आणि क्षितिजाची नवी सायकल

रविवार, सकाळचे साडेसहा. शेलारच्या नाक्यावरून सायकलींची शर्यत सुटली. गणेशपुरीला जाऊन परत शेलारला यायचे आहे. मुलींच्या गटात क्षितिजा आहे आणि तिची सायकल नवी आहे.

मी नाक्यावर नव्हतो. भोंग्याचा आवाज मात्र आमच्या अंगणापर्यंत आला. मला जागचे हलता येत नाही, कारण माझे अर्धे अंग सिमेंटमध्ये आहे. ते तिथे कसे गेले, हे सांगायला मला थोडे मागे जावे लागेल.

मित्रांनो, मी एक जुना स्टँड आहे. सायकलचा, लोखंडी, दोन पायांचा. मागच्या चाकाच्या आसाला मला दोन नटांनी आवळत. मला खाली ओढले की मी अख्खे चाक जमिनीवरून उचलून धरी. हल्लीच्या साइड स्टँडसारखा एका पायावर तिरका उभा राहणारा मी नव्हे.

माझ्या जन्माबद्दल मला फारसे ठाऊक नाही. कुठल्याशा कारखान्यात लोखंड तापवले, वाकवले, त्यावर काळा रंग मारला आणि माझ्यासारख्याच पुष्कळ भावंडांबरोबर मला भिवंडीला धाडले. धामणकर नाक्याजवळच्या एका दुकानात मी काळ्या सायकलवर चढलो. तिथेच मला बाळाराम भेटला. शेलारमध्ये त्याच्या म्हशी होत्या आणि दूध शहरात पोहोचवायला त्याला सायकल हवी होती.

त्याने सायकल कशी घेतली, ते मला अजून आठवते. रंग त्याने पाहिलाच नाही. आधी तो दांडीवर दोन्ही बाजूंना पाय टाकून उभा राहिला आणि टाचा जमिनीला टेकतात ना, ते पाहिले. मग घरून आणलेल्या दोन कॅनमध्ये नळाचे पाणी भरून ते मागे अडकवले आणि दुकानदाराला म्हणाला, "आता उभी कर." दुकानदाराने मला ओढले. मी उभा राहिलो. कॅन हलले नाहीत. "हीच दे," बाळाराम म्हणाला.

मग पुष्कळ वर्षे आम्ही दोघांनी एकच काम केले. शेलारहून निघायचे, नदी ओलांडायची, यंत्रमागांच्या खडखडाटातून वाट काढायची आणि दारोदार थांबायचे. प्रत्येक दारी मी खाली यायचो. माझा खट् असा आवाज झाला की बायका पातेली घेऊन बाहेर येत. हाक मारायची गरजच नव्हती. एकदा तर बाळाराम आत चहा पीत असताना बकरीचे एक पिल्लू उडी मारून कॅरिअरवर चढून बसले. तेव्हाही मी ढळलो नाही.

रंगूबाई नावाची एक म्हातारी गिऱ्हाईक होती. ती म्हणायची, "दूध तुझं पातळ असंल रे बाळाराम, पन स्टँड पक्का हाय."

"म्हस पानी जास्ती पिते मावशी, मी काय करू?"

"म्हस पिते का कॅन पितो, ते मना म्हाईत हाय!"

माझ्या आयुष्यातले सगळ्यात मोठे कौतुक तेच. मी ते जपून ठेवले आहे.

पुढे गावाचे रूप पालटले. शेतांवर गोदामे आली. बाळारामने म्हशी विकल्या आणि जमीन गोदामाला भाड्याने दिली. त्याच्या मुलाने, रामनाथने, टेम्पो घेतला. या घरात एक रीत आहे. नवे वाहन आले की जुन्या वाहनाचा एक तरी तुकडा त्याच्यावर चढवायचा. बैलगाडीची घुंगरे दुधाच्या सायकलवर आली होती. सायकलची घंटी टेम्पोत गेली. सायकल भंगारात निघाली तेव्हा बाळारामने मला तेवढे सोडवून घेतले आणि पडवीतल्या खिळ्याला टांगले. घरात पुन्हा सायकल येईल तेव्हा हा लागेल, असे ठरले.

पुन्हा सायकल काही आली नाही. माझ्यावर आधी पिशवी टांगली गेली, मग छत्री, मग कांद्याची माळ. कांदे संपले की मला बरे वाटे. नवे आले की पुन्हा तेच. गंज चढत गेला. एवढ्या दारांना थांबलेला मी, पण माझ्यापाशी कोणी थांबत नव्हते.

क्षितिजा रामनाथची मुलगी. कॉलेजात जाते. मागच्या वर्षी हीच शर्यत तिने मैत्रिणीच्या भावाची सायकल मागून आणून केली. सायकल महागाची होती, पण उंच मुलाच्या मापाची. हँडल गाठायला ती सगळा वेळ पुढे ताणून बसली. मान आखडली, हातांना मुंग्या आल्या, बोटांना ब्रेक कळेनासा झाला. वाटेतल्या अंबाडी गावालाच ती उतरली. तिथून टेम्पोतून घरी आली. पायांत दम होता, पण हातांनी दगा दिला होता. ते तिला फार लागले.

वर्षभर तिने बापाचा पिच्छा पुरवला. शेवटी रामनाथ म्हणाला, "एकदाच घेईन. परत-परत न्हाय. आनि स्टँड आपलाच लागंल."

त्याने मला खिळ्यावरून काढले, तेल लावून पुसले, फडक्यात गुंडाळले आणि टेम्पोत सीटखाली ठेवले. माझे दिवस पालटले, असे मला वाटले. बाळाराम, म्हणजे आता सगळ्यांचा आबा, तोही बरोबर होता.

दुकान प्रितेशचे. तरुण, बोलका माणूस. आबा बाहेरच्या बाकावर चहा घेऊन बसला. रामनाथने मला काखेत धरले होते, म्हणून सगळे मी जवळून ऐकले.

दारातच एक लाल सायकल उभी होती. वर मोठी पाटी: भरघोस सूट. रामनाथ तिथेच थांबला.

"हीच! काय झगझगीत हाय. आनि सूटपन."

क्षितिजा दांडीवर पाय टाकून उभी राहिली. तिला टाचा उचलाव्या लागल्या. मग बसली आणि हात लांब केले. "पुरत नाहीत, पप्पा. मागच्या वेळेसारखंच होणार."

"असू दे ना वाढत्या अंगाची. तुझा शाळेचा ड्रेस आपन तसाच घ्यायचो."

"मी एकोणीस वर्षांची आहे. आता वाढले तर आडवीच वाढेन."

"सीट खाली करून देतो ना," प्रितेश म्हणाला.

"सीट खाली होईल. हँडल जवळ कसं येईल?"

प्रितेशने पंख्याकडे पाहिले. मग हसला. "खरं सांगू? दिवाळीपासून उभी आहे ती. कोणाच्या मापालाच बसत नाही. सूट त्याचीच आहे."

मग त्याने आतून एक राखाडी सायकल काढली. दिसायला साधी. क्षितिजा उभी राहिली. पाय नीट टेकले, दांडी खाली राहिली. बसली तेव्हा कोपर किंचित वाकलेले होते. तिचा चेहराच बदलला. मला वाटले, आता काही अडणार नाही.

"रेसला एवढे जाड टायर?" रामनाथने अंगठ्याने दाबून पाहिले.

"आपला रस्ता बघा ना पप्पा. त्याच्यावर दोऱ्यासारखे टायर घेतले तर मी शर्यतीत कमी आणि पंक्चरवाल्याकडे जास्त दिसेन."

"आनि ह्याला पॅडल कुठं हायेत? चोरले काय कुनी?"

"काका, या सायकलींना पॅडल वेगळे घ्यावे लागतात," प्रितेश म्हणाला.

"उद्या टेम्पो घ्यायला आलो तर टायर वेगळे देशील काय रे?"

क्षितिजाला हे माहीत होते. सगळे पैसे सायकलीत न घालता पॅडल, हेल्मेट आणि बारीक वॉल्व्हला चालणारा पंप यांसाठी तिने वेगळे राखले होते. प्रितेशने दुकानातले जुने पॅडल तात्पुरते लावून दिले. "गल्लीत एक चक्कर मारून या."

"गल्लीत काय कळणार? उड्डाणपुलावरून जाऊन येते."

ती गेली ती बराच वेळ आली नाही. रामनाथ दोनदा बाहेर डोकावला. आली तेव्हा घामाने निथळत होती आणि दोन्ही हातांची बोटे उघडझाप करून बघत होती. "मुंग्या नाहीत," ती म्हणाली. "पप्पा, मुंग्या नाहीत!"

आता माझी पाळी आली. रामनाथने मला काचेच्या टेबलावर ठेवून फडके सोडले.

प्रितेश माझ्याकडे बघत राहिला. "हा... सायकलला?"

"सायकलला न्हाय तर काय तुझ्या टेबलाला? आमच्या बाबांचा हाय. ह्योच बसव."

"काका, हा बसणार नाही. हिच्या आसाला बाहेर नटच नाहीत. फ्रेमच्या नळ्यांना आवळला तर त्या चेपतील. पातळ असतात."

"मग वेल्डिंग मार."

"हिला वेल्डिंग मारलं तर सायकल घरी नेऊ नका, थेट भंगारात द्या."

"मग स्टँड लागंल अशी दाखव."

कोपऱ्यात एक जाडजूड सायकल होती. पुढे स्प्रिंगा, मागे भलेमोठे दातेरी चक्र, ट्रॅक्टरसारखे टायर. आसाला बाहेर दोन ठसठशीत नट. "हिला लागेल," प्रितेश हळूच म्हणाला. "पण ही शर्यतीची नाही."

"सायकल ती सायकल. हीच घेतो."

डोक्यावर चढवून पाहिलेले हेल्मेट क्षितिजाने काढून टेबलावर, माझ्या शेजारी ठेवले.

मित्रांनो, तेव्हा माझी काय गत झाली असेल! मला लागायचे होते. कांद्यांच्या माळेखाली लटकून मी इतकी वर्षे तेवढेच मागत होतो. आणि मी लागलो, तर ही पोर यंदाही अंबाडीलाच उतरणार होती. एरवी पडणाऱ्या सायकलीला सावरणे हे माझे काम, आणि आज मीच आडवा आलो होतो. मला तोंड असते तर मी ओरडलो असतो.

"काय रे, कवाचं चाललंय?" आबा रिकामा कप घेऊन दारात उभा होता.

रामनाथने सगळे सांगितले. आबाने आधी राखाडी सायकल पाहिली, मग नातीला म्हणाला, "बस जरा हिच्यावर." ती बसली. त्याने वाकून तिच्या टाचा पाहिल्या. मग माझ्याकडे वळला.

"रामनाथ, ह्यो मी कशाला घेतलेला?"

"दुधासाठी."

"रोज किती दारांना उतरायचो मी?"

"सगळ्याच."

"थांबायचं काम व्हतं माजं, म्हनून थांबायची वस्तू घेतली. हिचं काय काम हाय?"

रामनाथने राखाडी सायकलीकडे पाहिले.

"ही काय गनेशपुरीला दूध घालायला चाललीय?"

प्रितेश हसला आणि लगेच तोंड मिटले.

"पन बाबा, घरची रीत..."

"रीत मी पाडली ना? मग मी बगतो तिचं." आबाने प्रितेशकडून पाना घेतला, माझ्या एका पायाचा गंजलेला नट सोडवला आणि क्षितिजाच्या हातावर ठेवला. "टाक सीटखालच्या पिशवीत. जुन्याचा तुकडा नव्यावर आला. झालं?"

"वजन वाढेल ना, आबा!"

"तेवढ्यानं हरलीस तर ये मना बोलायला."

तिने हेल्मेट पुन्हा डोक्यावर चढवले.

राहिलो मी. मला वाटले, आता परत खिळा आणि कांदे. पण घरी आल्यावर आबाने अंगणात खड्डा खणला, मला उलटे, पाय वर करून त्यात बसवले आणि सिमेंट भरले. पायांना जुन्या ट्यूबच्या पट्ट्या गुंडाळल्या. नव्या सायकलला स्वतःचा स्टँड नाही. भिंतीला टेकवली की ती घसरते, घसरली की तिच्या गिअरला मार बसतो. आता तिचे मागचे चाक माझ्या दोन पायांच्या मधे बसते. आसाला नाही लागलो, पण लागलो. रोज संध्याकाळी मी तिला धरून उभा असतो. ती मला आपले दुखणेखुपणे सांगते. नवी असली तरी बोलकी आहे.

मित्रांनो, तुम्हीही कधी सायकल घ्यायला जाल. तिच्या रंगाला भुलू नका आणि सूट दिसली तर ती का आहे, हे विचारा. आपले अंग, आपला रस्ता आणि आपले काम बरोबर घेऊन जा. ते तिघे हो म्हणतील तीच घ्या. लांबवर चालवून पाहायला लाजू नका. आणि घरात एखादी जुनी वस्तू टांगलेली असेल तर तिला बळेच नव्यावर चढवू नका. पण तिला विसरूही नका. थोडे डोके लढवले तर तिच्याजोगे काम अंगणातच सापडते.

आत्ताची खबर एवढीच आहे. रामनाथ टेम्पो घेऊन पाण्याच्या बाटल्यांसह अंबाडीला थांबला आहे. आबा माझ्या शेजारी खुर्ची टाकून बसला आहे. मघाशी त्याचा फोन वाजला.

"बाबा, गेली! पुढच्या चौघींत हाय."

"थांबली?"

"न्हाय. पानीपन घेतलं न्हाय. हात हलवून गेली."

"कुठला हात?"

"आता कुठला म्हंजे? उजवा. मग डावा."

आबाने फोन मांडीवर ठेवला आणि उगाच माझ्या पायावरची रबराची पट्टी घट्ट केली. त्यानंतर रामनाथचा फोन लागलेला नाही. त्या बाजूला रेंज मधूनच जाते. माझा एक नट तिच्या सीटखालच्या पिशवीत आहे. माझ्या दोन पायांमधली जागा अजून रिकामी आहे.