काठमांडूचा फोन लागेना

गणेशगुडी गावाच्या वरच्या वळणावरच फोनला रेंज मिळे, म्हणून चंद्रा सकाळपासून तिथल्या दगडावर छत्री धरून बसली होती. काळी नदीत पर्यटकांच्या राफ्टी चालवणारी ही अडतीस वर्षांची बाई. सहा वर्षं ती आणि बेळगावच्या तिघीजणी नेपाळातल्या एका शिखराची तयारी करत होत्या. निघायला चारच दिवस उरले, आणि काठमांडूत सरकारविरुद्ध पोरं रस्त्यावर उतरली. गोळीबार झाला, दुसऱ्या दिवशी सरकार पडलं, विमानतळ बंद झाला.

त्यांना वर नेणारा पासांग तेव्हापासून फोन उचलत नव्हता. गेल्या वर्षी सिक्कीमच्या सरावात चंद्रा बर्फाच्या भेगेत कोसळली, तेव्हा दोर आवळून धरणारा हाच.

नवरा, गणपती, चहा घेऊन वर आला. "घरला चल. तितं सरकारच न्हाई, परवाना कोण देनार हाय तुमास्नी?"

"परवान्याचं ऱ्हाऊ दे. त्यो जित्ता हाय का, त्ये कळू दे आदी."

दुपारी मोहिमेची प्रमुख सुप्रिया हिचा फोन आला. "चंद्राक्का, विमानतळ उघडला. चार वाजेपर्यंत चौघींचा होकार हवाय मला."

"आनि पासांग?"

"तो नाही तर दुसरा मिळेल. पण आत्ता मागे हटलो तर पुन्हा सगळं जमवणं कठीण."

खोटं नव्हतं ते. होकार द्यावा तर जीव धजेना, नकार द्यावा तर तोंड उघडेना.

तीनच्या सुमाराला पासांगचाच फोन आला. "दीदी, या तुम्ही. मी येतो वर." तो नेहमीसारखं हिंदीत बोलत होता, पण आवाज पार बसला होता.

"घरात समदी बरी हायत न्हवं?" हिंदीत विचारायचं ती विसरूनच गेली. मग तिनं तेच हिंदीत विचारलं.

मग त्यानं सांगितलं. थोरली मुलगी मोर्च्यात होती. मांडीत गोळी लागलीय. एक ऑपरेशन झालं, दुसरं शनिवारी.

"आणि तू डोंगरावर येणार?"

"हंगाम गेला तर माझं वर्ष गेलं, दीदी."

चंद्रानं डोळे मिटले. दोराच्या दुसऱ्या टोकाला असलेल्या माणसाचं चित्त दवाखान्यात असेल तर काय होतं, हे तिला कुणी शिकवायला नको होतं. आणि दोराचं सोडलं तरी, बापाला असं लेकीजवळून उठवायचं कसं?

"पोरीजवळ थांब तू," ती म्हणाली. "आम्ही एप्रिलात येऊ, तुझ्याच सोबत."

मग तिनं सुप्रियाला फोन लावला. सगळं ऐकून सुप्रिया एवढंच म्हणाली, "आम्हा तिघींना न विचारता शब्द दिलास?" आणि फोन ठेवला. तासाभरानं दुसरी सोबतीण रुक्मा हिनंही नकार कळवला. मोहीम एप्रिलवर ढकलली गेली.

पण घोर काही मिटला नाही. मार्चात तिकडं निवडणूक होती. कोण येईल, परवाना मिळेल का, पासांगलाही सांगता येईना. मुलगी कुबडी घेऊन चालू लागली, तेवढं मात्र त्यानं आपणहून कळवलं.

सुप्रियाचा फोन आला तो थेट दिवाळीनंतर. "त्या दिवशी आधी मला विचारायचं होतंस, अक्का."

"व्हय. त्ये चुकलंच माजं."

पासांगला थांब म्हटलं, ते चुकलं असं मात्र चंद्राला अजूनही वाटत नव्हतं. सुप्रियानंही ताणलं नाही. रविवारच्या सरावाला किती वाजता यायचं, ते सांगितलं.