शेपटीतले धाकटे इंजिन

मित्रांनो, मी विमानाचे एक जुने इंजिन आहे. पंखांखालचे नव्हे हं! त्या दोघा थोरल्यांचे फोटो निघत. मी शेपटीत बसवलेले, कोणाच्या खिजगणतीत नसलेले धाकटे. विमान जमिनीवर उभे राहिले की थोरले झोपत आणि मी इंधन जाळून आतले दिवे नि गार हवा सांभाळत असे. कौतुक कोणी करत नसे, म्हणून ते मी स्वतःच करून घेई.

माझी विचारपूस करणारे एकच, ठोकळेकाका. विमान थांबले की चाकांना ठोकळे लावायचे, हे त्यांचे काम. कधी शिडीवर चढून माझ्या तोंडाची काजळी पुसत आणि म्हणत, "काय रे धाकट्या, बरं आहे ना?"

काही वर्षांनी आमच्या थांब्यावर विजेची जाड केबल आली. ती विमानाला जोडली की मला बंद ठेवता येणार होते. म्हणजे माझा रुबाब संपणार! पण केबल जड, ओढायला दोघे लागत आणि थांब्यावरच्या मुकादमांना सदा घाई. "राहू दे चालू, पाच मिनिटांचा तर प्रश्न आहे," ते म्हणत. त्या पाच मिनिटांचा पाऊण तास होई. केबल भिंतीपाशी पडून राही आणि मी तोरा मिरवत असे.

माझा धूर मागे जाई. मी कधी मागे वळून पाहिले नाही. तो खालीच रेंगाळे, सामान चढवणाऱ्यांच्या नाकातोंडात जाई, कुंपणापलीकडच्या घरांत शिरे.

पुढे काका खोकू लागले. एकदा ते मुकादमांना म्हणाले, "साहेब, केबल लावू या का? छाती भरून येते हो."

"अहो काका, आत माणसं बसलीत. जोडताना गार हवा गेली तर माझ्या नावाने शंख करतील!"

काका ओशाळून हसले. मला मात्र हायसे वाटले. आज हे सांगताना लाज वाटते.

एके दुपारी उड्डाण तीन तास रखडले. वारा अगदी थांबलेला. मी अखंड धडधडत होते. काका धापा टाकत सामानाच्या गाडीवर बसले, ते त्यांना उठताच येईना. दोघांनी त्यांना धरून नेले. मग मुकादमांनी स्वतः, एकाला हाताशी घेऊन, केबल ओढत आणून जोडली. चार मिनिटे लागली.

काका कामावर परतले नाहीत. एकदा मुलीचा हात धरून निरोप घ्यायला आले. माझ्याकडे बघून तिला म्हणाले, "याचा काय दोष? आम्ही बंद केलं असतं, तर झालं असतं बंद."

डॉक्टरांनी नेमके कारण सांगितले नव्हते. धूर, धूळ, वय, काहीही असेल म्हणाले. त्या 'काहीही'मध्ये मी होते, एवढे मला ठाऊक आहे.

आता मी तुमच्या प्रशिक्षण शाळेच्या आवारात आहे. उद्या सर मला चालू करून दाखवणार आहेत. मी धडधडले की टाळ्या वाजवू नका, मित्रांनो. मागे कोणी उभे नाही ना, तेवढे आधी बघा. आणि पाहून झाले की लगेच मला बंद करा. मला राग येणार नाही.