कीबोर्डखाली गेलेले बटण

मित्रांनो, ज्याला बघून आता दुरुस्तीवालाही नुसती मान हलवतो, असा मी एक जुना मोबाइल आहे. माझ्या काचेला आडवा तडा गेला आहे. मागचे झाकण बसत नाही, म्हणून त्याला रबर लावलेले आहे. माझ्यात जागा थोडी आणि ताकद त्याहून थोडी. तरीही एका कचेरीत काही वर्षे माझ्या होकाराशिवाय काम पुढे जात नसे, हे सांगितले तर तुम्हाला खरे वाटायचे नाही. म्हणून पहिल्यापासून सांगतो.

माझा जन्म एका मोठ्या कारखान्यात झाला. हातमोजे घातलेल्या मुली, पांढरे दिवे आणि पट्ट्यावरून सरकणारी माझ्यासारखीच भावंडे, एवढेच मला आठवते. तिथून खोक्यात बंद होऊन मी सोलापुरात नवी पेठेतल्या एका दुकानात आलो. अक्कलकोटच्या पलीकडच्या एका गावातले रुद्रप्पा मला घ्यायला आले. त्यांनी माझा रंग पाहिला नाही की कॅमेरा पाहिला नाही. दुकानदाराला त्यांनी एवढेच विचारले, "आमच्या गावात रेंज धरतो का हा? पोरीला वसतिगृहाचा फॉर्म भरायचा हाय."

ती पोरगी म्हणजे अक्षता. नुकतीच दहावी झालेली. गावातून सोलापूरला रोज जाऊन येऊन शिकणे जमण्यासारखे नव्हते, कारण संध्याकाळची एसटी चुकली की परतीची वाट बंद. सोलापुरात एका संस्थेचे मुलींचे वसतिगृह होते. तिथे जागा मिळाली तर पुढचे शिक्षण, नाहीतर घर. त्या संस्थेचे संकेतस्थळ तेव्हा अगदी साधे होते. पांढऱ्या पानावर काळी अक्षरे आणि शेवटी 'अर्ज पाठवा' असे ठसठशीत बटण. अक्षता मला घेऊन गच्चीवर गेली, कारण रेंज तिथेच यायची. तिची आई मल्लव्वा खाली जिन्यापाशी उभी राहिली. अक्षताने बटणावर अंगठा टेकवला. माझ्यावर बराच वेळ चक्र फिरत राहिले आणि मग 'अर्ज मिळाला' ही अक्षरे उमटली.

"गेला काय गं?" मल्लव्वाने खालून विचारले.

"गेला, अव्वा."

मल्लव्वा वर आली. तिने मला हातात घेतले आणि पदराने माझी काच पुसली. मित्रांनो, मला पुढे पुष्कळ लोकांनी हाताळले, पण तसे कोणी पुसले नाही.

अक्षता वसतिगृहात राहिली, शिकली. वेबपाने कशी बनतात ते तिने आधी माझ्याच इवल्याशा पडद्यावर पाहिले. पुढे कॉलेजात तिला संगणक मिळाला आणि शिक्षण संपल्यावर शुक्रवार पेठेतल्या एका छोट्या कंपनीत नोकरी मिळाली. सोमशेखर सर त्या कंपनीचे मालक. दुकानांची, शाळांची, संस्थांची संकेतस्थळे तिथे बनत. अक्षताने नवा मोबाइल घेतला. मला आता मोडीत जावे लागणार असे वाटत असताना ती मला कचेरीत घेऊन गेली आणि टेबलावर ठेवून म्हणाली, "ह्याच्यावर चाललं तर सगळीकडं चालतंय."

तेव्हापासून मी परीक्षक झालो. तुमच्यापैकी कोणी उद्या हे काम शिकणार असाल, तर तिची रीत ऐकून ठेवा. लोक वापरतात त्या खऱ्या संकेतस्थळाला ती कधी थेट हात लावत नसे. त्याची एक वेगळी प्रत बनवून सगळे बदल आधी त्या प्रतीत करायची. प्रत्येक बदलासोबत तो का केला हे एका ओळीत लिहून ठेवायची, म्हणजे काही बिघडले तर मागे जाता यावे. मग माझी पाळी. माझे नेट मुद्दाम हळू करायचे. मला एका हातात धरायचे आणि सगळे एकाच अंगठ्याने करायचे, कारण बाईच्या दुसऱ्या हातात पिशवी असते नाहीतर मूल असते. अर्ज अर्धा भरून मध्येच फोन आला तर आधीचे लिहिलेले जागेवर राहते का, ते पाहायचे. भर दुपारी मला गॅलरीत नेऊन उन्हात अक्षरे वाचता येतात का, तेही ती पाहायची. सोलापूरच्या उन्हात मी तव्यासारखा तापे. पण मी तक्रार केली नाही. माझ्यावर पान अडकले की अक्षता मला रागवत नसे. ती पुन्हा संगणकाकडे वळायची.

सोमशेखर सरांना माझे कौतुक होते. नवे गिऱ्हाईक आले की ते मला उचलून दाखवायचे. मीही फुशारून जात असे. आता वाटते, त्यांना मी दाखवण्यापुरताच आवडत होतो.

मग पुण्यात मोठ्या कंपनीत काम केलेला बसवेश आमच्याकडे मुख्य म्हणून आला. माणूस वाईट नव्हता. हुशार होता, कामाला वाघ होता. त्याने सगळ्यांना मोठे पडदे आणायला लावले. त्या पडद्यावर एक कळ दाबली की मोबाइलचे चित्र उघडायचे आणि त्यात आपले पान मोबाइलवर कसे दिसेल ते दिसे.

"हितंच सगळे मोबाइल दिसतेत की," तो अक्षताला म्हणाला. "त्या डबड्यावर कशाला वेळ घालवायचा?"

"चित्राला बॅटरी नसते, सर. ते तापत नाही, अडकत नाही. त्याच्यात कीबोर्डसुद्धा वर येत नाही."

बसवेश हसला. काही दिवसांनी टेबले हलवली गेली तेव्हा मी खणात गेलो. तिथे स्टेपलर होता, वाळलेली स्केचपेने होती आणि कोणाची तरी शेंगा चटणीची रिकामी पुडी होती. खण उघडला की उजेड यायचा, मिटला की अंधार. बाहेर माझ्याविना पाने बनत राहिली आणि कोणाचे काही अडले असे ऐकू आले नाही. मला आधी वाईट वाटले. पुढे त्याचीही सवय झाली.

एके दिवशी त्याच वसतिगृहाच्या संस्थेचे काम कंपनीला मिळाले. त्यांना जुने साधे संकेतस्थळ नको होते. हलणारी चित्रे हवी होती, वर संस्थापकांचा फोटो हवा होता आणि प्रवेश फक्त ऑनलाइन करायचा होता. ज्याचा अर्ज आधी येईल त्याला जागा, असा नियम होता. उद्घाटनाला मोठा पाहुणा ठरला होता, त्यामुळे तारीख हलणार नव्हती.

आदल्या दिवशी दुपारी अक्षताने खण उघडला आणि मला बाहेर काढले. पेठेत त्या दिवशी नळाला पाणी आले होते. खाली पाणी खेचणाऱ्या मोटारींची घरघर चालू होती. तिने मला चार्जिंगला लावले आणि अर्ज उघडला. हलती चित्रे ओढता ओढता मला धाप लागली. तरी मी तो अर्ज उघडला. तिने नाव लिहिले, गाव लिहिले, गुण लिहिले. शेवटच्या रकान्यात अंगठा ठेवला तेव्हा माझा कीबोर्ड वर आला आणि 'अर्ज पाठवा' हे बटण त्याच्या खाली गेले. तिने कीबोर्ड मिटला. तर संस्थापकांच्या फोटोची पट्टी खाली सरकून त्याच जागी बसली. बटण होते, पण दिसत नव्हते. तिने पुन्हा पुन्हा करून पाहिले. मग मला घेऊन ती सरांच्या केबिनमध्ये गेली. बसवेश तिथेच होता.

"सर, ह्याच्यावर अर्ज जातच नाही. मला उद्याचा दिवस द्या."

सोमशेखर सरांनी मला हातातही घेतले नाही. "उद्या कार्यक्रम आहे, अक्षता. अन् असले मोबाइल आता कोण वापरतंय?"

"ज्यांना वसतिगृह पाहिजे, ते वापरतात. माझी अव्वा परवापर्यंत असलाच वापरत होती."

बसवेश म्हणाला, "माझ्या मोबाइलवर चालतंय, सरांच्या चालतंय, अध्यक्षांच्या चालतंय. आता हात लावला आणि दुसरंच काही मोडलं तर? कार्यक्रम झाला की करू आपण."

"तोपर्यंत जागा भरतील."

सर थोडे चिडले. "तू त्या वसतिगृहात होतीस म्हणून तुला कळकळ आहे, मला मान्य आहे. पण आता वाद नको. लाइव्ह कर."

अक्षता जागेवर येऊन बसली. मी तिच्या हातातच होतो.  संकेतस्थळ सुरू करायची कळ तिच्याच संगणकावर होती. ती बराच वेळ पडद्याकडे बघत राहिली आणि मग तिने ती दाबली. मला खणात ठेवताना तिने माझ्याकडे पाहिले नाही.

दुसऱ्या दिवशी उद्घाटन झाले, टाळ्या झाल्या. अर्ज भराभर आले आणि पाहता पाहता वसतिगृह भरले. संस्थेने कंपनीला शाल आणि श्रीफळ दिले. इतक्या लवकर जागा भरल्याबद्दल अध्यक्षांनी बसवेशची पाठ थोपटली. मित्रांनो, कचेरीत चाललेल्या बोलण्यातून मी खणात पडून हे सगळे ऐकत होतो. जे अर्ज आले ते पडद्यावर दिसले. जे निघालेच नाहीत त्यांची कुठे खूणही नव्हती. मग त्यांच्याविषयी कोण बोलणार?

आठवडाभराने एक बाई आणि तिची मुलगी कचेरीचा जिना चढून आल्या. अक्कलकोट भागातल्याच होत्या. बाईचे नाव नागव्वा आणि मुलीचे काव्या. संकेतस्थळाच्या तळाशी ते बनवणाऱ्या कंपनीचा पत्ता असतो. काव्याने तो वाचून काढला होता. दोघी पहिली एसटी धरून आल्या होत्या. नागव्वाने पिशवीतून मोबाइल काढून अक्षताच्या टेबलावर ठेवला. खणाच्या फटीतून मी पाहिले, तो माझ्याच जातीचा होता.

"बाई, ह्या पोरीनं लई खटपट केली," नागव्वा म्हणाली. "सगळं भरतीय, पर दाबायला बटनच न्हाय. म्हणलं, तुमीच केलंय तर तुमालाच इचारावं. आमचं कुटं चुकतंय ते तेवढं दावा."

"तुमचं काही चुकलं नाही," अक्षता म्हणाली. 

तिने बसवेशला बोलावले. त्याने तो मोबाइल हातात घेतला, अर्ज भरत शेवटपर्यंत गेला आणि थांबला.  संगणकापाशी बसून त्याने कोडमधली एकच ओळ बदलली. दोघींसाठी आलेला चहा अजून गरम होता, एवढ्यात दुरुस्ती झाली.

"आता बघ," तो काव्याला म्हणाला.

काव्याने पुन्हा सगळे भरले. शेवटी बटण दिसले. "आलं बघ अव्वा," ती म्हणाली आणि तिने अंगठा टेकवला. चक्र फिरले. मग अक्षरे उमटली आणि काव्याने ती मोठ्याने वाचली: 'या वर्षीचे प्रवेश पूर्ण झाले आहेत.' वाचून झाल्यावरही ती मोबाइल तसाच धरून होती.

सोमशेखर सरांनी संस्थेला फोन लावला. नियम सगळ्यांना सारखा, असे उत्तर आले. "आमच्या हातात आता काही नाही," सर नागव्वाला म्हणाले आणि केबिनमध्ये गेले.

नागव्वाने मोबाइल पिशवीत टाकला. "यंदा ऱ्हाऊ दे मग," ती मुलीला म्हणाली. "घरी काम काय कमी हाय व्हय." काव्या जिना उतरताना एकदाही वळली नाही.

अक्षता त्याच दुपारी संस्थेच्या कार्यालयात जाऊन आली; तिथले मी नंतर तिच्याच तोंडून ऐकले. चूक आमची होती, त्या मुलीची नव्हती, असे तिने अध्यक्षांना सरळ सांगितले. अध्यक्षांनी तिला ओळखले, आपल्याच वसतिगृहातली मुलगी म्हणून चहा पाजला आणि सांगितले, "तक्रार एकच आलीये ना? मग काळजी करू नकोस." ती परत येईपर्यंत त्यांचा फोन सरांना आला होता.

"घरातली गोष्ट बाहेर कशाला नेलीस?" सर म्हणाले. "कंपनीच्या नावाचा काही विचार?"

"काव्याचा विचार कोण करायचा, सर?"

त्या महिनाअखेर अक्षताने नोकरी सोडली. टेबल आवरताना तिने खण उघडला, मला क्षणभर हातात धरले आणि परत ठेवले. मला वाटते, माझ्याकडे बघणे तिला जड जात होते. संगणकावरची ती कळ तिनेच दाबली होती, आणि ते माझ्याइतके जवळून दुसऱ्या कोणी पाहिले नव्हते.

त्यानंतर खण फारसा उघडला गेला नाही. चार्जिंग नाही, हवा नाही. माझी बॅटरी फुगून झाकण वर उचलले गेले आणि कोणीतरी त्याला रबर लावले. मी कायमचा बंद पडलो.

आता पुन्हा प्रवेशाचे दिवस आले आहेत. वसतिगृहाचे काम याही वर्षी आमच्याच कंपनीकडे आहे आणि अर्जाचे पान पुन्हा नव्याने बनवले आहे. परवा खण उघडला. बसवेश होता. त्याने स्टेपलर बाजूला सारून मला शोधून काढले, चार्जर लावला आणि माझी कळ दाबून धरली. मी खूप जोर केला, मित्रांनो. पण माझ्यात आता काही उरलेले नव्हते.  दुसरा एखादा साधा मोबाइल कचेरीत कोणाकडे आहे का, असे त्याने विचारले. कोणाकडेच नव्हता. मग सरांनी केबिनमधून हाक मारली, "झालं का, बसवेश?" त्याने मोठ्या पडद्यावरच्या चित्रात पान एकदा वरखाली करून पाहिले.

"ठीक दिसतंय, सर," तो म्हणाला. मला त्याने भंगाराच्या खोक्यात ठेवले.

अर्ज उद्या सुरू होतील. या वर्षी बटण दिसते आहे की नाही, हे मला सांगता येणार नाही. मित्रांनो, तुमच्या घरात एखादा जुना मोबाइल अजून चालू असेल, तर त्याला टाकू नका. उद्या सकाळी तो अर्ज त्याच्यावर एकदा उघडून बघा. अगदी शेवटपर्यंत जा. आणि बटण सापडले नाही, तर मुलगी जिना चढून येण्याची वाट न बघता लगेच कोणाला तरी सांगा.