जयदीपचा गाल

लतिकाच्या पत्राला मी आठ महिने उत्तर दिलं नाही. तिने लिहिलं होतं, "काका, लग्नाच्या वेळी यांना गालगुंड झालं होतं का? सासूबाई म्हणतात, दाढ होती. सहा वर्षांत मूल नाही, म्हणून त्या यांचं दुसरं लग्न लावायचं बोलतात. तुम्हीच तपासलं होतं."

तपासलं होतं. १९९३ साली, तिच्या नवऱ्याला, जयदीपला, आर. के. पुरममधल्या त्यांच्या सरकारी क्वार्टरमध्ये, लग्नाला दोन दिवस असताना.

"दाढच आहे हो, डॉक्टर," जयदीपच्या आई, कुमुदताई म्हणाल्या. "परवा वरातीची घोडी येणार दारात."

मी बोटं फिरवली. सूज कानाखालून गालापर्यंत पसरली होती. जबड्याचा कोपरा हाताला लागेना. कानाची पाळी वर, बाहेर ढकललेली. टॉर्चच्या उजेडात दाढा स्वच्छ दिसल्या, पण गालाच्या आत लाळेच्या नळीचं तोंड लाल झालेलं. लिंबाची फोड चाखताच जयदीप कळवळला.

"गालगुंड आहे," मी म्हणालो.

"हळू बोला. मांडवात कोण येईल मग? पुस्तकं वाचून वाचून तुम्हाला सगळीकडे पुस्तकातलंच दिसतं."

माझा धीर सुटायला एवढं पुरतं. तापाच्या गोळ्या लिहून मी निघालो.

लग्नानंतर पाचव्या दिवशी जयदीप दवाखान्यात आला. अंगात ताप, पाय फाकवून चालत होता. सोबत आई आणि नवी नवरी लतिका.

"घोडीवर बसायची सवय कुठली आपल्याला, यार," तो हसला.

हा आजार मोठ्या पुरुषांत कधी वृषणांत उतरतो, मूल होण्याच्या आड येऊ शकतो, हे मला माहीत होतं. त्याला पडद्यामागे न्यायला हवं होतं. बायकांसमोर मला ते बोलवेना. मी पुन्हा गोळ्या लिहिल्या.

रुग्णाची गोष्ट दुसऱ्याला सांगू नये, ही सबब आठ महिने पुरली. काल माझी पत्नी विजया म्हणाली, "मग दोघांच्या नावाने लिहा की. तिचं घर मोडल्यावर लिहिणार आहात?"

लिहिलं. "चि. जयदीप, सौ. लतिका, ते गालगुंडच होतं. नंतरचं दुखणं घोडीमुळे नसावं. मी तपासलं नाही, ही माझी चूक. मूल त्यामुळेच नाही, असं मी म्हणू शकत नाही. पण आधी जयदीपने तपासून घ्यावं, तोवर लतिकाला कोणी दोष देऊ नये. हे कुमुदताईंना वाचून दाखवा."

पाकिटावर नोएडाचा पत्ता घातला.

"रजिस्ट्री?" पोस्टातल्या बाईंनी विचारलं.

"हां," म्हणालो, आणि पाकीट खिडकीतून आत सरकवलं.